सगळे थर शिळे आहेत

"क्लेमेंट! पंडान केकच्या नावातली चूक सुधारली का रे?" माक दायांग जिन्याच्या तळाशी उभ्या राहून ओरडल्या.

"होतेय, माक!" वरून आवाज आला.

"सकाळीही होतेयच म्हणालास!"

"ती वेगळी चूक होती, माक!"

कुचिंग गावात नदीकाठी थरांच्या केकची दुकानं ओळीनं आहेत, आणि प्रत्येकाच्या मते बाकीच्यांना केक करता येत नाही. माक म्हणजे आई; मालकिणीला सगळे तेच म्हणत. माक दायांगांच्या दुकानात खाली भट्ट्या होत्या आणि वर संगणक. खाली अबांग बुजांग एकावर एक पातळ थर भाजत चढवायचे. ते वयानं सगळ्यांत मोठे आणि अविवाहित, म्हणून सगळ्यांचेच अबांग, म्हणजे थोरले भाऊ. वर क्लेमेंट आणि सिऊ हुई हे दोघं दुकानाची साइट सांभाळायचे. साइटवर लोक केक बघायचे, नंबर सांगून मागवायचे. गावात एकच गार खोली होती असं नाही, पण या इमारतीत वरची ती एकच होती, आणि ती खाली काम करणाऱ्यांच्या सारखी डोळ्यांवर येत असे.

अडचण अशी होती, की साइटवर एक अक्षर जरी बदललं तरी ते लोकांना दिसायला पाऊण तास लागायचा. तेवढ्या वेळात खाली अर्धा केक उभा राहायचा. माक दायांगांना ही तुलना करायची सवय लागली होती आणि ती वरच्या मजल्याच्या हिताची नव्हती.

"माझी नणंद सल्माह," त्या म्हणायच्या, "पलीकडच्या काठाला मोबाइलसमोर उभी राहून केक विकते. तिच्याकडे वरचा मजलाच नाही. ईदपर्यंत बघते. नाहीतर वरची खोली केकच्या खोक्यांना."

क्लेमेंटला हे परवडणारं नव्हतं. राजधानीतली नोकरी सोडून तो परत आला तेव्हा त्याच्या वडिलांनी अख्खी वस्ती एका छपराखाली राहते त्या लाँगहाऊसमधल्या प्रत्येक दाराशी थांबून सांगितलं होतं, की मुलगा आता तंत्रज्ञान-प्रमुख झाला. प्रमुखाच्या हाताखाली सिऊ हुई एकटीच असते, आणि तीही ऐकत नाही, हा तपशील त्यांनी गाळला होता. आता प्रमुखाच्या खुर्चीत खोकी बसली, तर त्याच दारांपुढून परत जावं लागणार होतं.

शेवटी एका दुपारी माक दायांग स्वतःच जिना चढून वर आल्या. त्यांना राग होताच, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. त्या पडद्यासमोर वाकल्या. पडद्यावर एक ओळ होती आणि ती हलत नव्हती.

"हे चाललंय का बंद पडलंय?"

"चाललंय, माक."

"दिसत तर नाही चालताना. काय करतंय काय ते?"

क्लेमेंटनं घसा साफ केला. साइटमध्ये काही बदललं, की दूर कुठेतरी भाड्याचं एक यंत्र सगळी साइट नव्यानं बांधतं आणि एका डब्यात भरतं, त्या डब्याला कंटेनर म्हणतात, असं तो सांगू लागला. माक दायांगांचा चेहरा बघून त्यानं डबा सोडला आणि उपमेचा आधार घेतला. पुढचा सगळा घोटाळा या उपमेनं केला. पण त्या क्षणी ती फार सुंदर दिसली.

"माक, हे केकसारखंच असतं बघा. थरावर थर. समजा, तुम्हाला फक्त वरच्या थराचा रंग बदलायचाय."

"मग वरचाच बदलेन."

"हे यंत्र अख्खा केक टाकून देतं आणि तळापासून भाजायला घेतं."

"का? वेडं आहे का?"

"वेडं नाही, भाड्याचं आहे. काम झालं की सगळं विसरून जातं. पुढच्या वेळी नवीनच येतं. दर वेळी नवा आचारी आल्यासारखं. आधी त्याला चूल पेटवायला शिकवायची, मग अंडं कशाला म्हणतात..."

"असा एक ठेवला होता मी," माक दायांग म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा भाचा."

"आणि दुसरं म्हणजे," सिऊ हुई मान वर न करता म्हणाली, "यानं सारखं बदलणारं सगळं तळाच्या थरात ओतलंय. तळ हलला की वरचं सगळं गेलं. मी सांगितलं होतं, नको ओतूस म्हणून."

"कधी सांगितलं होतंस?"

"ओतत होतास तेव्हा."

क्लेमेंटनं बेत सांगितला. जे क्वचित बदलतं ते तळाला घालायचं, जे रोज बदलतं ते वर. आणि भाजून झालेले थर एका कपाटात जपून ठेवायचे, म्हणजे नवा आचारी आला की आयते थर उचलेल आणि फक्त वरचा भाजेल. "याला कॅश म्हणतात, माक."

"कॅश?" माक दायांगांचा हात नकळत कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. "माझ्या गल्ल्यातली?"

"नाही, नाही. त्याचं स्पेलिंग वेगळं आहे."

"स्पेलिंगपासूनच तर सगळं सुरू झालं," माक दायांग म्हणाल्या आणि खाली गेल्या.

दोन दिवस वरची मंडळी जेवायलाही बाहेर पडली नाहीत. तिसऱ्या दिवशी क्लेमेंटनं 'मागवा' या बटणाचा रंग हिरव्याचा निळा केला, आणि चहा कपात ओतून होईपर्यंत साइटवर बटण निळं झालं. माक दायांग जिना चढून आल्या. त्यांनी बटण पुन्हा हिरवं करायला लावलं, मग पुन्हा निळं, मग एकदा गुलाबी. दर वेळी पडद्यावर झरझर ओळी येत आणि प्रत्येकीपुढे यंत्र लिहीत असे: कॅश्ड, कॅश्ड, कॅश्ड.

"हे काय म्हणतंय?"

"म्हणजे हे आधीच झालेलं आहे, पुन्हा करायला नको."

"अगंबाई! शहाणं झालं की!"

हा शब्द माक दायांगांना फार आवडला. त्या तो खाली घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर अशी भाषा सुरू झाली:

"अबांग, अंडी फेटली का?"

"कॅश्ड, माक."

"साचे पुसले?"

"कॅश्ड!"

साचे पुसलेले नव्हते हे नंतर उघडकीला आलं. अबांग बुजांगांचं म्हणणं असं, की काल याच वेळी पुसले होते, आणि काम तर तेच आहे. पण नव्या शब्दाच्या कौतुकात हे प्रकरण दबलं. उलट अबांगांनाही चेव चढला. अर्धेच भाजलेले डुरियनचे, म्हणजे फणसासारख्या एका फळाचे, केक त्यांनी कागदात गुंडाळून मोठ्या फ्रीजरमध्ये घातले.

"हे काय?"

"खालचे थर, माक. ठेवतोय जपून. लागले तर आयते."

"डुरियन संपलं आता! सेरियनहून माल यायचा बंद झालाय. हे अर्धे केक काय डोक्यावर थापणार आहात?"

"असू द्या," अबांग म्हणाले. "वरचे ठेवतात, त्यांना कुणी विचारत नाही."

डुरियन संपलं, म्हणून माक दायांगांनी सात नंबरचा केक बदलला. सात नंबर आतापर्यंत डुरियनचा होता. आता तो गुला अपोंगचा, म्हणजे नीपाच्या झाडाच्या गुळाचा झाला. केकची नावं आणि फोटो एका सामायिक फोल्डरमध्ये असत. त्यात माक दायांगांनी स्वतःच्या हातानं जुना फोटो काढून नवा घातला, क्लेमेंटनं शिकवल्याप्रमाणे साइट नव्यानं बांधायचं बटण दाबलं आणि पडद्याकडे पाहिलं. सगळ्या ओळींपुढे कॅश्ड. 'झालं,' असं म्हणून त्या समाधानानं खाली गेल्या. चहाही ओतावा लागला नव्हता.

त्याच आठवड्यात दातिन झबेदांची मागणी आली. यजमान मोठे खिताबवाले, म्हणून बाई दातिन, ईदला घर सगळ्या गावाला उघडं, आणि सगळं गाव त्यांच्या टेबलावर काय होतं ते वर्षभर बोलणार. त्यांनी साइटवर बघून सात नंबरचे तीस केक मागवले. अबांग बुजांगांनी गुला अपोंगचे तीस केक भाजले, खोक्यांत भरले आणि फिती बांधल्या. संध्याकाळी रोजा सुटायच्या आत दातिनबाईंची गाडी ते न्यायला येणार होती.

इथे एक रीत सांगायला हवी. रमजानात खाली कुणीच काही चाखू शकत नसे. भट्टीसमोर दिवसभर उभं राहून जिभेला साखर लावायची नाही, हे अबांगांना जमायचं. पण केक कसा झालाय ते कळायचं कसं? म्हणून त्या महिन्यात चाखण्याचं काम वरच्या दोघांकडे असे; ते रोजे धरणारे नव्हते. प्रत्येक घाण्याचा एक तुकडा बशीतून वर जायचा. वरून 'वर-खाली' नावाच्या मोबाइलच्या गटावर निकाल यायचा: 'थर नीट. पाठवा.' मग माल बाहेर पडायचा. वरच्या दोघांचा आपापसातला एक वेगळा गटही होता. त्याचं नाव नुसतं 'वर'. ही नावं सिऊ हुईनं ठेवली होती आणि ती फार सारखी आहेत हे क्लेमेंटनं तिला सांगितलं होतं. ठेवत होती तेव्हा.

त्या दुपारी दातिनबाईंच्या घाण्यातला तुकडा क्लेमेंटच्या कोपराशी बशीत ठेवलेला होता. सिऊ हुई तीन थरांचा बर्फाचा चहा आणायला मागच्या गल्लीत गेली होती. रांगेत उभ्या उभ्या तिनं सहज साइट उघडली आणि 'वर' गटावर लिहिलं: 'सात नंबरवर अजून डुरियनच दिसतंय. का?'

क्लेमेंट चमकला. त्यानं फोल्डर उघडलं. फोल्डरमध्ये गुला अपोंग. साइट उघडली. साइटवर डुरियन. त्यानं बटण दाबलं. कॅश्ड, कॅश्ड, कॅश्ड. साइटवर डुरियन. पुन्हा दाबलं. डुरियन. पाऊण तास लागायचा तेव्हा निदान निघालेलं बरोबर तरी असायचं.

आता त्याला भूक-तहान राहिली नाही. म्हणजे बशीतला तुकडा त्यानं खाल्ला, पण तो खातोय हे त्याला कळलं नाही. तो एकेक ओळ वाचत खाली उतरला आणि शेवटच्या ओळीशी थांबला. यंत्राला तिथे एवढंच सांगितलं होतं: 'फोल्डरमधून नावं आणि फोटो घेऊन ये.' यंत्रानं ते वाचलं. कालही हेच वाक्य होतं, परवाही हेच. वाक्य तेच, म्हणजे काम तेच. काम तेच, म्हणजे ते झालेलंच आहे. ते फोल्डरपर्यंत गेलंच नव्हतं. वाक्य वाचून घरी बसलं होतं.

"अरे लबाडा!" क्लेमेंट आनंदानं ओरडला. बातमी सिऊ हुईला कधी सांगीन असं त्याला झालं. त्यानं मोबाइल उचलला आणि एका दमात लिहिलं:

'सापडलं! सगळे थर शिळे आहेत. एकही बाहेर जाऊ देऊ नकोस. सगळे टाकून दे. तळापासून पुन्हा करतोय.'

त्यानं कपाट रिकामं करून यंत्राला नव्यानं बांधायला बसवलं, आणि पाऊण तास मोकळा आहे म्हणून खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

संदेश 'वर-खाली' गटावर गेला होता.

खाली अबांग बुजांगांनी तो एकदा वाचला, मग चष्मा लावून वाचला. इतकी वर्षं 'अबांग, तुम्ही' म्हणणारा मुलगा आज 'टाकून दे' म्हणत होता. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. त्यांनी एक खोकं उघडून वास घेतला. वास उत्तम होता. पण वास म्हणजे चव नव्हे, चाखणारा वर बसला होता, आणि त्यानं तर 'सगळे' असं लिहिलं होतं. माक दायांग ईदचे कपडे आणायला शिंप्याकडे गेल्या होत्या. विचारायचं कुणाला? वरून आदेश आला, की खालच्यानं प्रश्न विचारायचे नसतात, हे जगातल्या सगळ्या खालच्यांना ठाऊक असतं.

फक्त अन्न टाकायचं, तेही रमजानात, हे अबांगांना जमेना. त्यांनी खोकी हातगाडीवर रचली आणि नदीच्या धक्क्यावर नेली.

"शिळे आहेत हं," त्यांनी नावाड्यांना स्पष्ट सांगितलं. "नंतर बोलू नका."

"कुठे शिळे आहेत?" एका नावाड्यानं फीत सोडून पाहत विचारलं.

"ते आम्हाला कळत नाही. वरच्यांना कळतं."

माक दायांग शिंप्याकडून परत येत होत्या, तेव्हा समोरून एक होडी पलीकडच्या काठाला निघाली होती आणि तिच्यात त्यांच्या नावाची खोकी होती. नावाड्यानं आदरानं हात हलवला.

"माक, शिळ्या केकबद्दल फार आभार!"

माक दायांग दुकानात शिरल्या त्याच वेळी मागच्या दारानं सिऊ हुई चहा घेऊन आली. अबांग बुजांग बाह्या सरसावून अंडी फोडत होते.

"तीस केक कुठे आहेत?"

"टाकून द्या म्हणून आलं, माक. तळापासून पुन्हा करतोय म्हणतो. त्याला अंडं फोडता येत नाही, म्हणून मीच घेतलं करायला."

"कोण म्हणतो?"

अबांगांनी मोबाइल पुढे केला. माक दायांगांनी वाचलं. सिऊ हुईनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून चहा हिंदकळला. तीन थरांचा एक थर झाला.

"क्लेमेंट!"

त्या हाकेनं क्लेमेंट जागा झाला, उतरला, आणि तळाच्या पायरीवर त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "माक, मी साइटच्या थरांबद्दल लिहिलं होतं."

"साइटला कुठले आले थर?"

"तुम्हाला सांगितलं होतं ना, केकसारखं..."

"माझ्या केकला दुसऱ्या कशासारखं म्हणू नकोस!" माक दायांग म्हणाल्या. "दातिनबाईंची गाडी येतेय. तीस केक तळापासून करायचे तर रोजा काय, ईद सुटेल. सल्माहला कळलं, तर ती मोबाइलसमोर उभी राहून सांगेल सगळ्या गावाला. तू वर जा आणि तुझं सामान खोक्यांत भरायला घे. नाहीतर राहू दे, खोकीसुद्धा होडीतून गेली!"

मग अबांग बुजांग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माक, कॅश आहे."

"काय?"

"खालचे थर. फ्रीजरमध्ये. अर्धे भाजलेले. वरचे तेवढे चढवले की झालं."

"ते डुरियनचे आहेत!"

"वरून गुला अपोंग दिसेल. कापल्याशिवाय कोण बघतंय?"

केक कापण्यासाठीच असतो, असं माक दायांग म्हणणार होत्या. पण घड्याळाकडे बघून त्यांनी पदार्थाची नीतिमत्ता बाजूला ठेवली. सगळ्या भट्ट्या पेटल्या. क्लेमेंट साचे पुसू लागला, आणि या वेळी ते खरोखर पुसले गेले. सिऊ हुईनं कुठून तरी नवी खोकी पैदा केली. डुरियनच्या थरांवर गुळाचे थर चढत गेले. गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेवटची फीत बांधायची होती.

"चाख," माक दायांगांनी तुकडा पुढे केला.

क्लेमेंटनं तो तोंडात घातला. सगळे त्याच्या गळ्याकडे बघत राहिले.

"कसा आहे?"

"माक, हा सात नंबर नाही," तो म्हणाला. "पण... अजून एक तुकडा मिळेल?"

"गाडीत भरा," माक दायांग म्हणाल्या.

रोजा सुटला. खजूर, सरबत सगळं समोर होतं, पण सगळ्यांचं लक्ष फोनकडे होतं. वर यंत्राचं काम केव्हाच संपलं होतं आणि साइटवर सात नंबरला अखेर गुला अपोंगचा फोटो झळकत होता. तेवढ्यात फोन वाजला. दातिन झबेदा होत्या. माक दायांगांनी आवाज मोठा ठेवला. बोलणी सगळ्यांनी मिळून खावीत असा विचार असावा.

"दायांग, एक केक कापला आम्ही. तुमच्याकडे साइटवर डुरियन दिसलं म्हणून तुमच्याकडून मागवला बरं का! सगळ्यांचं संपलंय. आमच्या ह्यांना डुरियनच लागतं. खाली डुरियन बघून लहान मुलासारखे खूश झाले. पण वर काय लावलंय ते?"

"गुला अपोंग," माक दायांग सावधपणे म्हणाल्या.

"साइटवर नव्हतं ते."

"नवीन आहे."

"अजून दहा पाठवा."

माक दायांगांनी फोन ठेवला. दुपारचे तीस केक गेले असते, तर त्यात डुरियनचा कणही नसता. त्यांनी मान वळवून क्लेमेंटकडे पाहिलं. त्या नजरेत प्रथमच आदर होता.

"दातिनबाईंना डुरियन हवंय हे तुला वर बसून कसं कळलं रे?"

क्लेमेंटनं खरं सांगायला तोंड उघडलं. सिऊ हुईनं त्यात सरबताचा पेला लावला.

"पी आधी," ती म्हणाली.

वरची खोली वाचली. खोकी तिथे आली नाहीत. पण 'खालचे थर जपून ठेवायचे' हे धोरण दुकानानं मनावर घेतल्यामुळे दोन नवे फ्रीजर आले, आणि गार जागा एकच असल्यानं ते तिथेच लागले. आता तंत्रज्ञान-प्रमुखांची खुर्ची दोन फ्रीजरांच्या मधे असते आणि दार उघडायचं झालं की त्यांना उभं राहावं लागतं. यंत्राच्या त्या शेवटच्या ओळीत क्लेमेंटनं सुधारणा केली. आता वाक्य तेच असलं तरी यंत्र फोल्डर उघडून बघतं आणि मगच काय ते ठरवतं. फ्रीजरांवर अबांग बुजांगांनी आपल्या हातानं चिठ्ठ्या लावल्या.

ईदच्या आदल्या दिवशी ते वर आले. दातिनबाईंच्या दहा केकसाठी थर न्यायचे होते.

"डाव्यातले ना?" क्लेमेंटनं उठून वाट देत विचारलं.

"हो. सात नंबर, खालचे थर."

"आहेत ना आत?"

"आहेत की. लिहिलंय ना वर."

"उघडून पाहिलंत?"

"कशाला?" अबांग म्हणाले. "चिठ्ठी कालचीच आहे."

सिऊ हुईनं टंकणं थांबवलं. क्लेमेंटनं हळूच फ्रीजरचं दार उघडलं. आत माक दायांगांनी ईदच्या जेवणासाठी आणलेले खारवलेले तेरुबोक मासे शिस्तीत एकावर एक रचून ठेवले होते.

क्लेमेंटनं मोबाइल उचलला, 'वर-खाली' गट उघडला, 'माक, थर' इथपर्यंत लिहिलं आणि थांबला. मग त्यानं ते खोडलं, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरून खाली गेला.